एका कॅरॅव्हॅनचे दोन जावई

माझ्या साडूला देवानं भरपूर दिलं. देवाच्या नजरेतून जे सुटलं, ते सासऱ्यांनी दिलं.

साडूचं नाव गॅविन. उंच आहे, केस दाट आहेत, आणि एका हातात सँडविच धरून दुसऱ्या हातानं गाडी मागे घेतो. एवढ्यावरून माणसाला वाईट म्हणता येत नाही, पण मी प्रयत्न सोडलेला नाही. रविवारी आम्ही सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमतो, तेव्हा भाजलेलं मांस कापायची सुरी सासरे त्याच्या हातात देतात. माझ्याकडे ग्रेव्हीचं भांडं येतं. लग्न झाल्यापासून मी ग्रेव्ही फिरवतोय. त्याला ते 'पोरा' म्हणतात. मला 'कर्स्टीचा नवरा' म्हणतात, आणि तेही मी समोर बसलेला असताना. "कर्स्टीच्या नवऱ्याला बटाटे द्या रे कुणीतरी." माझं नाव जॉस आहे. छोटं आहे, कुणाच्याही तोंडात मावेल.

सासऱ्यांचं नाव क्लिफर्ड. हल शहरातल्या एका कारखान्यात त्यांनी कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांत, उभी हयात कपाटं बसवली आणि निवृत्त होताना तिथलीच एक कॅरॅव्हॅन सवलतीत घेतली. मे महिन्याच्या शेवटी सुट्टी आली की सगळं घर ती घेऊन समुद्रकाठी, विदर्नसीच्या अलीकडच्या एका शेतातल्या तळावर जायचं. अंतर इतकं कमी, की एकदा इस्त्री बंद केली का ते बघायला मी घरी जाऊन आलो आणि मी गेलो होतो हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तरी आम्ही त्याला 'लांब जाणं' म्हणतो.

मग डोळ्यांपायी क्लिफर्डचं लायसन्स गेलं. गाडी विकली. कॅरॅव्हॅन हेडनच्या एका आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि क्लिफर्ड घरात खिडकीपाशी उभे राहिले. दोन वर्षं दोघांचं असंच चाललं होतं.

ईस्टरच्या जेवणाला त्यांनी काटा खाली ठेवला.

"मी काही आता ती ओढत नाही," ते म्हणाले. "तुम्हां दोघांपैकी जो ओढेल त्याची."

सगळ्यांनी गॅविनकडे पाहिलं. त्याच्या दारात भली मोठी जीप उभी असते. मीही पाहिलं, सवयीनं.

"पण," क्लिफर्ड म्हणाले, "ज्या गाडीचा वर्षाचा कर माझ्या एका गॅसच्या टाकीपेक्षा जास्त, ती गाडी माझ्या कॅरॅव्हॅनला लागायची नाही. रस्त्यातले खड्डे बुजवत नाहीत ते नाहीत, वर पैसे मागतात. एवढा कर भरायचा तर सरकारनंच येऊन ओढावी."

गॅविनच्या हातातली सुरी थांबली. त्याच्या जीपच्या करात गॅसच्या टाक्यांची रांग लागली असती.

"क्लिफर्ड, दुसरी गाडी घ्यावी लागेल मला," तो म्हणाला.

"घे की पोरा. जुनीपानी बघ एखादी."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू ग्रेव्ही दे इकडे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ग्रेव्ही आनंदानं फिरवली. गॅविनकडे चालेल अशी गाडी नाही आणि माझ्याकडेही नाही, असं आमच्या घराण्यात कधी घडलंच नव्हतं.

घरी जाताना बसमध्ये कर्स्टी म्हणाली, "तुला कॅरॅव्हॅनमध्ये झोप येत नाही. तुला तिथला संडास आवडत नाही. तुला समुद्रही आवडत नाही."

"मला कॅरॅव्हॅन नकोच आहे. ती गॅविनला मिळायला नको आहे."

"मग ती तुला मिळाल्यावर काय करशील?"

"तुझ्या बाबांना घेऊन जाईन. ते माझ्या शेजारी बसतील. कधी नव्हे ते मी कोण आहे हे त्यांना कळेल."

"त्यांना आत्ताही माहितेय."

"कोण आहे मी?"

"बाबांना नावं लक्षात राहत नाहीत," ती म्हणाली. गॅविनच्या कुत्र्याचं नाव त्यांना पाठ आहे.

तर गाडी. आमच्याकडे मधल्या काही वर्षांत नोंदल्या गेलेल्या गाड्यांचा कर त्या किती धूर सोडतात त्यावर ठरतो. त्याआधीच्या आणि नंतरच्या गाड्यांचं गणित वेगळं, म्हणून शोधायचं त्याच चिंचोळ्या पट्टीत. कमी धूर म्हणजे छोटं इंजिन, आणि छोटं इंजिन म्हणजे हलकी गाडी. उलट कॅरॅव्हॅन ओढायला हवी जड. थोडक्यात सासऱ्यांना काडीच्या अंगाचा पहिलवान हवा होता, आणि तोही वापरलेला.

तीन आठवडे मी जाहिराती वाचल्या, आणि बेव्हर्लीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची गाडी सापडली. गडद निळी, मागून लांब, डिझेल, ओढायचा हुक आधीच लावलेला, कर टाकीपेक्षा कमी. फोटोत ती चांगली भरभक्कम दिसत होती. झोपताना मी कर्स्टीला दाखवली. कर्स्टीनं सहज म्हणून लॉरेनला सांगितलं. लॉरेन तिची मोठी बहीण, गॅविनची बायको. दोन बहिणींच्या बोलण्यात एवढी गळती आहे की माझं गुपित खरोखर गुपित ठेवायचं तर ते मलाही कळून चालत नाही.

सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. निळी गाडी, तिला टेकलेला गॅविन, हातात सँडविच. क्लिफर्डनी त्यावर उभा अंगठा टाकला. आमच्या लग्नाचे फोटो टाकले होते तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, 'पाऊस होता.'

"अगं, ती माझी गाडी होती," मी कर्स्टीला म्हणालो.

"तू घेतली कुठे होतीस?"

"मी तिच्यावर डोळा ठेवला होता."

"त्यानं हात ठेवला," कर्स्टी म्हणाली.

उरलेल्यांत मला परवडेल आणि नियमात बसेल अशी एकच निघाली. गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांची छोटी पांढरी हॅचबॅक. शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक होते, काढायचे राहून गेलेले.

"ही ओढेल का?" मी विचारलं.

"काय ओढायचंय?"

"कॅरॅव्हॅन."

त्यांनी गाडीकडे असं पाहिलं, जसं आजोबा कुस्तीच्या आखाड्यात उतरणाऱ्या नातवाकडे पाहतात. "थांबेल मात्र नक्की," ते म्हणाले. "दोन ब्रेक आहेत."

मी घेतली. हेसलच्या गॅरेजमधून हुक बसवून घेतला. मग वजनाचं गणित मांडलं आणि जेवण गेलं नाही.

कॅरॅव्हॅनवाल्यांचा एक नियम आहे. भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या कागदावरच्या वजनाच्या शंभरात पंच्याऐंशीपेक्षा जड नसावी. हा कायदा नाही, त्याहून कडक आहे, कारण तो शेजाऱ्यांनी केलाय. नियम मोडून तळावर आलेल्या माणसाला कुणी काही बोलत नाही. फक्त त्याला दूध उसनं मिळत नाही. आणि क्लिफर्डना हा नियम प्रार्थनेसारखा पाठ होता.

माझी गाडी या नियमात कुठेच बसत नव्हती. "गाडीत फरशा भरल्या तर?" मी कर्स्टीला विचारलं.

"कागदावरचं वजन बदलेल का त्यानं?"

"नाही."

"मग फक्त फरशा फिरायला जातील."

गाडी जड होणार नसेल तर कॅरॅव्हॅन हलकी झाली पाहिजे. हे मला बाथरूममध्ये सुचलं, आणि तिथे सुचलेल्या गोष्टी मी सहसा तिथेच सोडतो. ही सोडली नाही.

आवारातली किल्ली एका रिकाम्या टाकीखाली असायची. "जाऊन नीट बघून घ्या," असं क्लिफर्डनी आम्हां दोघांनाही सांगितलं होतं. मी पहिल्या खेपेला बाहेरचा तंबू, पाण्याचे पिंप आणि जादा चाक काढलं. तेवढं सगळेच काढतात. दुसऱ्या खेपेला गाद्या. तिसऱ्या खेपेला ओव्हन, वरच्या शेगडीसकट. ओव्हन काढायला दुपार गेली, कारण मी एकेक स्क्रू हळुवार फिरवून मुरंब्याच्या बरणीत ठेवत होतो. कॅरॅव्हॅन जिंकली की सगळं गाडीत भरायचं आणि तळावर गेल्यावर कुणाचं लक्ष नसताना परत बसवायचं, अशी माझी योजना होती. तळावर कुणाचं लक्ष नाही अशी वेळ आजवर कधी आलेली नाही, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

चौथ्या खेपेला फ्रिज नव्हता.

मी आधी स्वतःवर संशय घेतला. घरी जाऊन गॅरेज पाहिलं. ओव्हन होता, फ्रिज नव्हता. म्हणजे चोर. पण तक्रार कशी करणार? पोलीस विचारणार काय गेलं, मी म्हणणार फ्रिज, ते म्हणणार मग ओव्हन कुठाय. मी गप्प बसलो. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की फ्रिज चांगला जड असतो. म्हणजे चोर तसा माझ्याच बाजूनं काम करत होता. पुढच्या खेपेला मी कपाटांची दारं उतरवली आणि टेबल मुद्दाम चोरासाठी ठेवलं, कारण त्याचा पाय निघत नव्हता. चोरानं टेबल नेलं. भांडी धुवायचं सिंकही नेलं.

सिंक मला सुचलं नव्हतं. चोर का असेना, माणूस डोकेबाज होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा हेवा वाटला.

सुट्टीच्या शनिवारी सकाळी सगळे आवारात जमलो. क्लिफर्ड टोपी घालून, थर्मास काखेत मारून आले होते. दोघांनीही आपापली गाडी जोडून आवाराला एक फेरी मारायची, आणि मग ते ठरवणार.

आधी गॅविन. त्यानं निळी गाडी एका दमात मागे घेतली, हुक जोडला आणि निघाला. कॅरॅव्हॅन त्याच्यामागे पतंगासारखी गेली.

"वा," क्लिफर्ड म्हणाले. "वजनदार गाडीचं हेच सुख असतं बघ पोरा."

मग मी. कर्स्टी शेजारी बसली आणि तिनं वळणावर दोनदा तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. तरी माझ्या चिमुकल्या गाडीनं ती कॅरॅव्हॅन आरामात ओढली. मागून ढोल वाजल्यासारखा आवाज येत होता. क्लिफर्डनी टोपी जरा मागे सरकवली.

"बरं," ते म्हणाले.

हे 'बरं' माझ्यासाठी होतं. मी ते मनात नीट घडी घालून ठेवलं.

पण आमच्या लोकांत कॅरॅव्हॅनचे पाय टेकले की आधी किटली चढते, मग ती आवारात टेकलेली का असेना. क्लिफर्डनी दार उघडलं आणि पायरी चढून आत गेले. त्यांच्या पावलांचा आवाज देवळातल्यासारखा घुमला. मग ते दारात आले. हातात किटली होती.

"लॉरेन," ते म्हणाले, "ही कशावर ठेवू?"

"चोर," मी म्हणालो.

"चोर," गॅविनही त्याच वेळी म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या दाट केसांखाली जे चाललं होतं ते मला काचेतून दिसावं तसं दिसलं.

"ओव्हन आमच्या गॅरेजमध्ये आहे, बाबा," कर्स्टी म्हणाली. "कपडे धुवायच्या मशीनवर. जपून ठेवलाय."

"फ्रिज आमच्याकडे," लॉरेन म्हणाली. "त्यात याची बिअर आहे. सिंकपण आहे, त्यात कुत्रा पाणी पितो."

"तुझी गाडी तर जड होती ना?" मी गॅविनला विचारलं.

"दिसते जड. कागद नंतर बघितले. कागदावर ती अगदीच हलकी निघाली."

"म्हणजे चोर तू."

"आणि माझा चोर तू."

"सिंक कधी सुचलं तुला?"

"अंघोळ करताना."

"चांगलं सुचलं."

"थँक्यू," गॅविन म्हणाला. आमच्यातलं हे पहिलं खरं संभाषण.

क्लिफर्ड परत आत गेले. आम्हीही दारात जाऊन उभे राहिलो. त्यांनी उघड्या कपाटांवरून हात फिरवला. ही कपाटं त्यांच्याच कारखान्यातली, बहुधा त्यांनीच बसवलेली. ज्या भोकांत स्क्रू होते त्यांत त्यांनी करंगळीचं नख घालून पाहिलं.

"दारं कुणी काढली?"

"मी," मी म्हणालो. आता वाचवायचं काही उरलंच नव्हतं.

"स्क्रू?"

"बरणीत आहेत. कुठला कुठला त्याच्या चिठ्ठ्या आहेत."

ते सिंकच्या जागेकडे वळले. तिथे फळी उचकटली होती आणि फळीचे दात बाहेर आले होते. "आणि इथे काय घोडं बांधलं होतं?"

"घाईत होतो, क्लिफर्ड," गॅविन म्हणाला. "पहार वापरली."

"पहार," क्लिफर्ड म्हणाले. जेवताना कुणी काट्यानं दात कोरले तर जसं बोलतील, तसं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं नाही, वरपासून खालपर्यंत, दुकानात एखादी वस्तू बघावी तसं. माझ्या लग्नाच्या दिवशीही त्यांनी एवढं बघितलं नव्हतं. मी सरळ उभा राहिलो. माझ्या शेजारी गॅविनचा कान लाल होताना मला दिसला, आणि मला वाटलं, मी उरलेली कॅरॅव्हॅनपण एकेक खिळा मोजून उतरवून देईन.

"ऐका," क्लिफर्ड म्हणाले. "रिकामी आहे तर आता दोघंही ओढू शकता. गॅविनची गाडी जरा जड आहे, तो ओढेल. सामान तू आणशील. तिथे सगळं परत बसवायचं. आणि तूच बसवायचं. याला हात लावू द्यायचा नाही."

"मग कॅरॅव्हॅन कुणाची?" लॉरेननं विचारलं.

"दोघांची. एकाला ओढता येते, एकाला उघडता येते. एवढ्यात माझं भागेल."

"आणि सामान बसवल्यावर परत आणायची कशी?" गॅविननं विचारलं. "भरलेली कुठल्याच गाडीला झेपणार नाही."

"जशी नेली तशीच. सोमवारी हा परत उतरवेल."

म्हणजे सुट्टीचा पहिला दिवस मी ओव्हन बसवणार होतो आणि शेवटचा काढणार होतो. गॅविन गाडी चालवणार होता. न्याय झाला होता, आणि तो मला नेहमीसारखाच दिसत होता.

दोन्ही गॅरेजमधून सामान आणलं. माझ्या गाडीत मागे ओव्हन, फ्रिज आणि टेबल, वर दारं आणि गाद्या बांधल्या. मागची सीट गेली, आणि कर्स्टी बहिणीशी बोलायला म्हणून निळ्या गाडीत बसली. क्लिफर्डही तिकडेच निघाले. गॅविननं त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं होतं. मी माझ्या गाडीत बसून समोर बघत होतो, म्हणजे तिकडे बघत नसल्याचं दाखवत होतो.

माझ्या गाडीपाशी ते थांबले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि खिडकीतून खाली बघत राहिले.

"हे काय आहे?"

"ड्रायव्हिंग स्कूलची होती."

"चालतो हा ब्रेक?"

"चालतो."

त्यांनी दार उघडलं, आधी एक गुडघा आत घेतला, मग दुसरा, आणि बसले. पाय पेडलवर ठेवला. पलीकडे गॅविन दार धरून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं ते लावलं.

हेडन सोडल्यावर क्लिफर्ड म्हणाले, "दाबू का?"

"कशाला? रस्ता मोकळा आहे."

"असंच."

"दाबा."

त्यांनी दाबला. ओव्हननं माझ्या पाठीत ढोसलं. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. क्लिफर्डनी खिडकीची काच खाली करून त्याला हात केला, जसा जुना वाहनचालक दुसऱ्याला करतो. "मऊ आहे," ते म्हणाले. दोन वर्षं ते गाडीत प्रवासी होते. पुढच्या दोन्ही चौकांत त्यांनीच गाडी थांबवली, आणि दोन्ही वेळा अगदी वेळेवर. मी फक्त वळवत होतो.

पण नजर सगळी पुढच्या कॅरॅव्हॅनवर. "बघ कसा रेषेत चालवतोय," ते म्हणाले. जरा वेळानं, "वळण कसं मोठं घेतलं बघ." शेवटी मी तिकडे बघणंच सोडलं. माझ्या गाडीत बसून, माझा ब्रेक दाबत, माणूस गॅविनचं कौतुक करत होता.

मग ते म्हणाले, "पुढे घे. आपण आधी पोचायला हवं. त्याला मागे घेताना बघायचंय."

तळावर नवीन कॅरॅव्हॅन आली की सगळे खुर्च्या बाहेर काढतात, चहाचे कप भरतात, आणि तिकडे बघत नसल्यासारखे बघतात. करमणूक म्हणून तिथे समुद्रही आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. आम्ही पोचलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या बाईंनी आम्हांला दोन खुर्च्या दिल्या. क्लिफर्डनी थर्मास उघडला, चहा झाकणात ओतून ते मला दिलं आणि स्वतः आतला छोटा कप घेतला. आम्ही बसलो.

गॅविन आला. रिकामी कॅरॅव्हॅन मागे घेणं कठीण असतं, ती उनाड वासरासारखी कुठेही जाते. चूक, मी मनात म्हणत होतो. एकच चूक. कुंपणाला जरा लाव. गॅविननं एका हातानं स्टिअरिंग फिरवलं आणि कॅरॅव्हॅन दोन खुंट्यांच्या मधोमध, एका दमात, पत्र्याचा आवाजही न करता आणून लावली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं. आमच्याकडे याहून मोठी दाद नाही.

"हं," क्लिफर्ड म्हणाले.

त्या 'हं'साठी मी पाच वर्षं ग्रेव्ही फिरवली आहे, आणि ते माझ्या कानाजवळून निघून गॅविनकडे गेलं.

पण गॅविनपर्यंत ते पोचलं नाही. त्याची काच वर होती. त्यानं इंजिन बंद केलं, दाद घ्यायला आमच्याकडे मान वळवली, आणि त्याला दिसलं ते एवढंच: दोन खुर्च्या, एकीला एक लागून. क्लिफर्डचा हात माझ्या खुर्चीच्या दांड्यावर. माझ्या हातात मोठं झाकण. त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. तो चेहरा मला नवा नव्हता, रोज दाढी करताना मी तोच बघतो.

मी त्याला हात केला. मग चहाचा एक घोट घेतला, आणि एका घोटाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला.